आधी बसला वाट

नवरात्रात तुळजापूरला निघालेली एसटी आठवा.
सोलापूर सोडल्यावर गाडी छान पळते…
आणि तुळजापुरात शिरली, की अडते.

पुढे जीप उभी.
बाजूला रिक्षा.
स्टँडच्या फाटकातच कुणाची तरी मोटारसायकल.
चालक हॉर्न वाजवतो.
वाहक खाली उतरून वाट करून देतो.
आणि आत चाळीसेक माणसं ताटकळतात…
लेकरं, म्हातारी माणसं, सगळीच.

मंडळी, एका मोटारसायकलीसाठी एवढ्या माणसांनी थांबावं, हे मला पटत नाही.
म्हणून म्हणतो, आधी बसला वाट.

असा प्रयत्न पुण्यात झाला. २००६ साली तिथं बीआरटी, म्हणजे जलद बससेवा, सुरू झाली.
कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका आखली.
पण त्या मार्गिकेत इतर गाड्याही घुसू लागल्या…
आणि बस पुन्हा गर्दीत सापडली.
मार्गिका आखणं सोपं.
ती मोकळी ठेवणं अवघड.

आपल्या धाराशिवात, तुळजापुरात तेवढे रुंद रस्ते कुठले?
पण स्टँडचं फाटक तर मोकळं ठेवता येईल!
फाटकाआधीचं वळणही मोकळं हवं.
तिथं गाडी लावू नका.
रिक्षा थोडी पुढे उभी करा.

आणखी एक.
वाहक गाडी सुटण्याआधी तिकिटं देत असेल, तर सुटे पैसे हातात ठेवा.
म्हणजे तिकिटांसाठी गाडी वाटेत थांबवावी लागत नाही.

बस येताना दिसली, की आपली गाडी जरा बाजूला घ्या.
आधी बसला वाट.