जलपर्णी गाईला घालावी का?
(ज्येष्ठ सदस्यांच्या मासिक बैठकीतील भाषण)

आपल्या गोसेवा निधीसाठी एक सूचना आली आहे. आळंदीला इंद्रायणीत जलपर्णी माजते, ती काढून जवळपासच्या गोशाळांना चारा म्हणून द्यावी. नदीही मोकळी, गाईचंही पोट भरलं. समितीने माझं मत विचारलं. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे, माणसांचा. पण विषाचा हिशेब दोन्हीकडे फारसा वेगळा नसतो.

ही कल्पना जुनीच आहे. 1910 साली लुइझियानाचे काँग्रेस सदस्य रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी विधेयक आणलं होतं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, त्यांनी जलपर्णी खावी आणि लोकांनी पाणघोडे! ते मंजूर झालं नाही, देवाची कृपा.

जलपर्णीत 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. 100 किलो वाहून आणली तर कोरडा चारा दहा किलोही भरत नाही. ट्रकचं भाडं कोण देणार? शिवाय तिच्यात ऑक्झलेट असतं. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांना हा शब्द मी सांगायला नको. ते कॅल्शियम अडवून धरतं, आणि दुभत्या गाईला कॅल्शियम तर हवंच. तरी वाळवून, कडब्यात थोडी मिसळली तर जनावरं ती खातात. बांगलादेशात चाऱ्याची टंचाई असली की शेतकरी घालतातही.

माझी खरी हरकत पाण्याला आहे. इंद्रायणीत वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं. जलपर्णी शिसं, कॅडमियम ओढून घेते, म्हणून तर ती सांडपाणी शुद्ध करायला वापरतात. गाळणीत अडकलेला गाळ गाईपुढे कसा टाकायचा? कॅडमियम तिच्या मूत्रपिंडात साठतं, शिसं थोडं दुधात उतरतं, आणि ते दूध लहान मुलं पितात.

आपल्याजवळच्या हॅरिस लेकमध्ये हायड्रिला आहे, तीही अशीच उपरी वनस्पती. 1994 साली आर्कान्सामध्ये गरुड मरू लागले. कारण सापडायला 2021 उजाडलं. हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक जिवाणू विष तयार करतो. पाणपक्षी ती पानं खातात, गरुड त्या पक्ष्यांना खातो.

मग काय करावं? अझोला. तीही पाण्यावरच वाढते, पण आपण केलेल्या वाफ्यात. खड्ड्यात प्लास्टिकचा कागद, थोडी माती, शेण, सुपर फॉस्फेट आणि स्वच्छ पाणी. तिच्या पानातलं नील-हरित शेवाळ हवेतला नत्र धरतं, त्यामुळे प्रथिनं भरपूर. रोज दीड-दोन किलो ओली अझोला, शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन, आंबोणात मिसळून द्यायची. मराठवाड्याच्या उन्हात वाफ्यावर सावली लागते, नाहीतर ती करपते. आणि कडब्याची जागा ती घेऊ शकत नाही, हेही देणगीदारांना स्पष्ट सांगायला हवं.

तेव्हा यंदाचा निधी वाफे, सावलीची जाळी आणि कडबा यांसाठी द्यावा, असं मी समितीला लिहून दिलं आहे. पैसे पाठवण्याआधी गोशाळेला एवढंच विचारा: वाफ्यात पाणी कुठलं भरता? बाकी प्रश्न प्रसाद घेता घेता बोलू.