तेवीस, बत्तीस आणि शिक्षकाची परीक्षा



लालबाग-परळमधील एखाद्या शाळेतील दुसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. बाई सांगतात, ‘‘लिहा, तेवीस.’’ एक मुलगा पाटीवर ३२ लिहितो. बाई फुली मारून पुढे जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात त्या मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो, आणि घरी आई-वडीलही तो खरा मानू लागतात.

वस्तुतः त्या मुलाने नीट कान देऊन ऐकलेले असते. ‘तेवीस’ या शब्दात तीन आधी येतात, वीस नंतर. ऐकले त्या क्रमाने त्याने लिहिले. ‘एकोणतीस’ उच्चारताना तर ओठांवर तीस असतात आणि लिहिताना आरंभ दोनाने करावा लागतो. हा नियमही शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणनव्वद आहे, पण शंभराच्या अलीकडे नव्व्याण्णव आहे. मुलाची चूक ही त्याच्या विचाराची खूण असते. ती वाचता येणे, ही शिक्षकाची पहिली विद्या होय.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीला ‘वीस तीन’ असे वाचन देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. विधानसभेतही त्यावर कोट्या झाल्या. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे मांडली. कन्नड व तेलुगू भाषांत दशक आधी आणि एकक नंतर उच्चारतात. जर्मन भाषेत मात्र मराठीप्रमाणेच तीन आधी आणि वीस नंतर येतात, आणि तेथील मुलेही गणित शिकतातच. परंपरेने आलेली संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे. तो जपलाच पाहिजे. परंतु जपण्याचा भार सात वर्षांच्या मुलावर एकट्याने टाकता येणार नाही. तो शिक्षकाने उचलावयाचा आहे.

तो कसा उचलावा? गिरगावातील चाळीत वाढणाऱ्या मुलाने गणेशोत्सवात एकवीस दुर्वांची जुडी पाहिलेली असते. त्या एकवीस दुर्वा त्याच्या हाती द्याव्यात. दहा-दहांचे दोन गठ्ठे बांधले की एक सुटी उरते. दोन गठ्ठे डावीकडे, एक सुटी उजवीकडे. मग त्याखाली २१ लिहावे. २ हा अंक येथे वीस दुर्वांचे काम करतो आहे, हे मुलाला बोटांनी कळते. अंक दहाच, पण स्थानानुसार त्यांची किंमत बदलते, ही स्थानिक किमतीची संकल्पना होय. ती पक्की झाली की ‘तेवीस’ आणि ‘वीस तीन’ ही एकाच संख्येची दोन नावे ठरतात.

पुढची पायरी शून्याची. ‘तीनशे पाच’ ऐकून मूल ३००५ लिहिते, कारण त्याने तीनशे लिहून पुढे पाच मांडले. खोली क्रमांक ३०५ च्या पाटीकडे बोट दाखवून विचारावे, येथे सुटे दशक किती? एकही नाही. ती जागा रिकामी आहे, हे सांगण्यासाठी शून्य तेथे बसले आहे.

तिसरी पायरी हातच्याची. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ उत्तर काढते. त्याने सातातून दोन वजा केले, कारण लहानातून मोठे जात नाही, असे त्याला कोणीतरी शिकवलेले असते. येथे पाचांपैकी एक गठ्ठा सोडावा. चार गठ्ठे आणि बारा सुट्या होतात. त्यांतून दोन गठ्ठे व सात सुट्या काढल्या की पंचवीस उरतात. ‘हातचा घे’ ही आज्ञा तेव्हा अर्थपूर्ण होते.

ही दृष्टी या परिसराला नवी नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू केले. १९४५ पासून त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम उभे केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने हीच त्यांनी साधने केली. मुलाच्या भोवतालातून शिक्षण उभे राहते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. छडी मागे पडली. पण ‘ढ’ हा एक शब्दही छडीइतकाच लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाला अग्रक्रम दिला आहे. तो पाया धोरणाच्या कागदावर भरला जात नाही. तो वर्गातल्या एकेका पाटीवर भरला जातो.

मराठी शाळेतील पट ओसरत असताना पालक शाळेत येऊन विचारतात, ‘‘आमच्या मुलाला मराठीतून गणित जमेल ना?’’ या प्रश्नाचे उत्तर घोषणेने देता येत नाही. पाटीवर ३२ लिहिणाऱ्या मुलाजवळ बसून जो शिक्षक विचारील, ‘‘बाळा, तू हे कसे लिहिलेस, सांग बघू,’’ त्याच्या वर्गातच त्याचे उत्तर मिळेल.