फोटो धूसर का येतो? आधी काच बघा

कामं आवरता आवरता ऐकत असाल, तर फोन हाताशी घेऊन बसा. आज आपण त्याच्या पाठीवरच्या हरभऱ्याएवढ्या काचेबद्दल बोलणार आहोत.

आपल्या गटांचं कितीतरी काम आता फोटोवर चालतं. मसाल्याचं पाकीट, पापड, गोधडी, सगळं गिऱ्हाईक आधी फोटोत बघतं. मसाल्याचा वास फोटोतून जात नाही, जातो तो फक्त रंग. तो फिका दिसला की समोरच्याला वाटतं, माल जुना आहे. शेतातही तेच. ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावर पिकाची नोंद करताना पिकाचा फोटो काढून द्यावा लागतो. तेव्हा धूसर फोटो ही नुसती हौसेची गोष्ट राहिली नाही.

फोटो नीट आला नाही की आपण म्हणतो, फोनच बदलायला पाहिजे. आमचं म्हणणं, हजारो रुपये घालण्याआधी काच बघा. तिच्यावर काय साचलंय आणि तिच्यापुढे आपण काय लावलंय, तेवढं बघा.

आधी ही काच म्हणजे काय ते समजून घेऊ. बाहेरून एकच काच दिसते. पण आत एकामागे एक अशी पाच-सहा, कधी सात छोटी भिंगं बसवलेली असतात. एवढी कशाला? घरात अक्षरं मोठी करून बघायचं भिंग असेल तर त्यातून वर्तमानपत्र बघा. मध्ये अक्षर स्वच्छ दिसतं, कडेला वाकडं होतं आणि त्याला रंगाची किनार येते. कारण एकटं भिंग सगळ्या रंगांचा उजेड सारखा वळवत नाही. निळा जास्त वळतो, तांबडा कमी. एका भिंगाचा दोष दुसरं भिंग सावरतं, म्हणून ती जोडीनं बसवतात.

पण भिंगं वाढली की दुसरी अडचण येते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातला सुमारे चार भाग उजेड परत फिरतो. दिवा लावल्यावर खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं, ते यामुळेच. एका काचेला दोन बाजू. सहा भिंगं म्हणजे बारा बाजू. हिशेब केला तर 100 मधला जेमतेम 61 भाग उजेड आतपर्यंत पोचेल. उरलेला काही उजेड भिंगांमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि चित्रावर पांढरट पडदा पसरवतो. मग काळा रंग राखाडी दिसतो आणि लाल मिरची विटकी.

यावर उपाय म्हणजे भिंगावरचा अतिशय पातळ लेप. जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 साली अशा लेपाची रीत शोधली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट नावाच्या बाई वेगळ्या वाटेनं तिथंच पोचल्या. केंब्रिज विद्यापीठातून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. साल होतं 1926. त्यांनी साबणासारख्या पदार्थाचे एकेका रेणूएवढे पातळ 44 थर काचेवर चढवले. लेपावरून परतणारा उजेड आणि काचेवरून परतणारा उजेड एकमेकांना मारून टाकतात, असा तो हिशेब. काच जवळपास दिसेनाशी झाली! 1938 साली ही काच जाहीर झाली. तो लेप मात्र मऊ होता, हातानं पुसला जायचा. पुढे टणक लेप निघाले, आणि आज आपल्या फोनच्या भिंगांवरही असेच लेप असतात.

आता आपण काय करतो ते बघू. एवढ्या निगुतीनं बनवलेल्या भिंगापुढे आपण बाजारातलं स्वस्त लेन्स गार्ड चिकटवतो. त्यावर लेप नसला तर उजेड परतवणाऱ्या बाजू वाढल्या. रात्री दिव्याचा फोटो काढला की त्याच्या समोरच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका दिसतो ना? ते भूत नव्हे, बायांनो, काचांमध्ये आपटून आलेलं दिव्याचंच प्रतिबिंब. गार्डनं ते वाढू शकतं. फोनची मूळ काच कडकच असते. तरी दगडधोंड्यात काम असेल तर गार्ड ठेवा, पण चरे पडले की बदला. कव्हरचं भोक कॅमेऱ्यावर येत असेल, तर फ्लॅशचा उजेड कव्हरच्या कडेला लागून भिंगात शिरतो. फोटोपुरतं कव्हर काढा.

चिमट्यानं लावायची जोडलेन्सही मिळते. भरतकामाचा टाका किंवा बियाणं जवळून दाखवायला ती उपयोगी पडते. पण फोनच्या भिंगांशी तिचा मेळ घातलेला नसतो, म्हणून कडा धूसर येतात. ती बरोबर मधोमध बसवा, वस्तू मध्ये ठेवा आणि कडा नंतर कापून टाका. काम झालं की लगेच काढा. आणि दोन बोटांनी चित्र फार ओढून मोठं करू नका; त्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तेलाचं बोट. फोडणी देता देता आपण फोन उचलतो. काचेवर तेलाचा हात लागला की उजेड फाकतो आणि दिव्याला शेपट्या फुटतात. मग आपण पदरानं खसकन पुसतो. पण धुळीत वाळूचे कण असतात, ते काचेवर आणि लेपावर चरे पाडतात. म्हणून आधी धूळ फुंकून उडवा. मग धुतलेल्या मऊ मलमलीनं किंवा चष्म्याच्या फडक्यानं, काचेवर हलकी वाफ सोडून, मधून बाहेर अलगद पुसा. राख, मीठ, रॉकेल काही नको. जरीचा पदर तर नकोच.

गटाकडे मोठा कॅमेरा असेल तर पावसाळ्यात जास्त जपा. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि ती लेप खाते. कापडी पिशवीत कोंडून ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

ऊन समोर असेल तर काय? लांबचं बघताना आपण कपाळावर हात धरतो ना, तसाच भिंगावर हाताचा आडोसा धरा. हात फोटोत येत नाही एवढं बघा. दुकानात मिळणारं लेन्स हूड हेच काम करतं.

पुढच्या बैठकीला एक करून बघा. एकच पाकीट, एकच खिडकी, एकच फोन. पहिला फोटो काच आहे तशी ठेवून, दुसरा काच पुसून, तिसरा गार्ड आणि कव्हर काढून. तिन्ही फोटो शेजारी ठेवा आणि मिरचीचा रंग कशात खरा आलाय ते सगळ्याजणी मिळून ठरवा. नवा फोन घ्यायचा की नाही, ते त्यानंतर बोलू.

काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.