संशय आपला, अफवा कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘अफवा आणि आपण’ असं छापलं आहे. अफवा म्हटलं की आपण लगेच ‘त्या’ बायकांबद्दल बोलायला लागतो. त्या अडाणी, त्या भोळ्या, काहीही सांगा, विश्वास ठेवतात. मला आज त्यांच्याबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त बोलायचं आहे. कारण गेली काही वर्षं वस्तीत काम करताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. फोनवर फिरणाऱ्या ह्या गोष्टींची भाषा पुष्कळदा आपलीच असते. बायकांच्या शरीरावर प्रयोग, परदेशी कंपन्या, सरकारचं संगनमत, दडपलेलं सत्य. हे शब्द आपण मोर्च्यांतून, पत्रकांतून वर्षानुवर्षं वापरले. आज ते दुसऱ्याच कुणीतरी उचलले आहेत. मग आपल्याच बचतगटातली ताई तो निरोप आपल्यालाच पाठवते आणि विचारते, “तुम्हीच तर सांगत होता ना?” तेव्हा तिला काय उत्तर द्यायचं?

एकच उदाहरण घेऊन नीट उलगडून पाहू. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्धची लस, म्हणजे एचपीव्हीची लस. तिच्याबद्दल फिरणाऱ्या निरोपांचा गोषवारा असा असतो: ह्या लसीने सात मुली मेल्या. संसदेच्या अहवालात तसं लिहिलं आहे. परदेशी पैशाने मुलींना वांझ करायचा डाव आहे. आपल्या मुलींना वाचवा, दहा जणींना पाठवा.

हे सगळं खोटं आहे असं म्हणून आपण मोकळ्या झालो तर आपणच खोट्या पडू. कारण त्यात खरं आहे, आणि ते खरं बाहेर काढण्यात स्त्री संघटनांचाच मोठा वाटा आहे.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चोवीस हजार मुलींना ही लस देण्यात आली. पाथ नावाची अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि दोन्ही राज्य सरकारं मिळून हा प्रकल्प चालवत होती. लस कंपन्यांनी फुकट दिली होती. खम्मममध्ये बऱ्याच मुली आदिवासी होत्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. २०१० च्या मार्चमध्ये स्त्री आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या तिथे गेल्या, मुलींशी आणि आईबापांशी बोलल्या. कुणाला काहीच नीट सांगितलेलं नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला आणि कडक ताशेरे ओढले. आंध्रमधल्या तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. दुष्परिणाम झाले तर नोंदवायची धड व्यवस्था नव्हती. झालेल्या मृत्यूंकडेही गांभीर्याने पाहिलं गेलं नाही, असं समितीने म्हटलं.

इथपर्यंत सगळं खरं आहे. ते आपण विसरायचं नाही आणि लपवायचंही नाही.

आता निरोपातलं पुढचं वाक्य: लसीने सात मुली मेल्या. सात मुलींचे मृत्यू झाले हे खरं. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने कारणं पाहिली. एक मुलगी बुडून गेली. एक साप चावून. दोघी कीटकनाशक पिऊन. एक मलेरियाने. उरलेल्या दोघींच्या मृत्यूचाही लसीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. दहा ते चौदा वर्षांच्या आदिवासी मुली ह्या देशात कशाने मरतात, त्याची ही यादी आहे. मैत्रिणींनो, तीही भयंकरच आहे. पण ती यादी लसीची नाही. संसदीय समितीचा रागही संमती, देखरेख आणि व्यापारी हितसंबंध ह्यांवर होता. लसीने मुली मारल्या असा निष्कर्ष तिने काढलेला नाही. अहवालाचं नाव घ्यायचं आणि त्यात नसलेलं त्याच्या तोंडी घालायचं, ही ह्या निरोपांची नेहमीची रीत. अहवाल कुणी उघडून वाचणार नाही, ह्याची त्यांना खात्री असते.

आणि शेवटचं वाक्य, वांझ करण्याचा डाव. हे तर पोलिओच्या थेंबांबद्दलही सांगितलं जात होतं. भारतात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झालं. ज्या मुलांना त्या थेंबांनी वांझ करणार होते, ती मुलं आज आईबाप झाली आहेत. २०११ नंतर देशात पोलिओचा मूळ विषाणू सापडलेला नाही. एचपीव्हीची लस तर आता जगभर कोट्यवधी मुलींनी घेतली आहे. तिने वंध्यत्व येतं असं कुठेही दिसलेलं नाही.

अफवा दरवेळी गर्भपिशवीवरच का येऊन बसते, ह्याचा विचार करा. मूल न होणाऱ्या बाईला घरातून हाकलतात, तिच्यावर सवत आणतात, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ‘वांझ’ ह्या शब्दाची भीती आईच्या पोटात आधीच बसलेली असते. निरोप लिहिणाऱ्याला फक्त तिथे बोट ठेवायचं असतं.

दुसरं कारण इतिहासात आहे. आणीबाणीत, १९७६-७७ ह्या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी जबरदस्तीच्या. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरू इथे नेट-एन ह्या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी होताना बायकांना नीट माहितीच दिली नव्हती, म्हणून स्त्रीशक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. क्विनाक्रिनच्या गोळ्या गर्भाशयात घालून नसबंदी करण्याचा प्रकार १९९८ साली बंद करायला लावला तोही स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ बायका मेल्या. आणि आपल्या महाराष्ट्रात, बीड जिल्ह्यात, २०१९ च्या सरकारी पाहणीत ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजार बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. तेव्हा ‘दवाखान्यात आपल्याला फसवतात’ असं म्हणणारी बाई वेडी नाही. तिच्या संशयाला आधार आहे.

मग आपला संशय आणि ती अफवा ह्यांत फरक काय? माझ्या मते फरक तीन ठिकाणी दिसतो.

पहिला, मागे कोण उभं आहे? खम्ममचा प्रश्न पुढे आला तेव्हा त्यामागे माणसं होती. आम्ही अमुक गावी गेलो, अमुक वसतिगृहात बोललो, असं सांगणाऱ्या. त्यांना प्रश्न विचारता येत होते. बीडच्या बायका स्वतःच्या शरीराबद्दल बोलत होत्या. पुढे पाठवलेल्या निरोपामागे कुणीच नसतं. ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं’ म्हणतात. कुठले डॉक्टर? नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.

हा मुद्दा आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ‘विश्वसनीय स्रोत’ म्हणजे सरकार, पोलीस, डॉक्टर आणि न्यायालय एवढंच, असं आपण कधीच मानलं नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मथुरावर विश्वास ठेवला नाही. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं आणि त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं. बाईच्या सांगण्याला पुरावा माना, ही आपली मागणी आहे. म्हणून काही मैत्रिणी मला विचारतात, “मग ह्या बायकांवर विश्वास का ठेवायचा नाही?” ठेवायचाच. पण बाई स्वतःवर गुदरलेलं सांगते तेव्हा तो अनुभव असतो. ती निरोप पुढे पाठवते तेव्हा ते कुणा तिसऱ्याचं बोलणं असतं. तिचा अनुभव ऐकायचा, आणि त्या तिसऱ्याला मात्र सोडायचं नाही.

दुसरा फरक, चूक ठरण्याची तयारी आहे का? खऱ्या संशयाला विचारता येतं की काय दिसलं तर तुझं समाधान होईल? कागद दाखवा, संमतीपत्र दाखवा, मृत्यूचं कारण दाखवा. ते दाखवलं की संशय एक पाऊल मागे घेतो किंवा पुढे टाकतो. कटाच्या गोष्टीत तशी जागाच नसते. डॉक्टर विरोधात बोलला तर तो विकलेला. आपण बोललो तर आपणही विकलेल्या. पुरावा मिळाला नाही, तर तो दडपला हाच पुरावा! कंपनीला नफा होतो हे खरं आहे, आणि म्हणून तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलंच पाहिजे. पण नफा होतो एवढ्यावरून औषध विष आहे असं ठरत नाही.

तिसरा फरक, तो काय करायला सांगतो? आपला संशय सांगतो: माहिती मागा, नोंद ठेवा, जबाब द्यायला लावा. अफवा सांगते: घाबरा, दार लावा, आणि दहा जणींना पाठवा. कधी त्याहून वाईट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. पोट भरायला गावोगाव फिरणारी माणसं होती ती. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करायला बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेश दाखवतात, तो भाग कापून टाकला होता.

आता वाद कसा घालायचा? माझ्या कामातून जे उपयोगी पडलं ते सांगते.

गटाच्या फोनवर सगळ्यांसमोर कुणाला खोटं पाडू नका. ती गप्प बसते, मत बदलत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन बसा. बोलण्याची सुरुवात त्यातल्या खऱ्यापासून करा. “खम्ममला मुलींच्या आईबापांना विचारलं नव्हतं, बरोबर आहे तुझं” असं म्हटलं की पुढचं ऐकायला ती तयार होते. मग दोघींनी मिळून विचारायचं: हे कोण सांगतंय? त्याने स्वतः पाहिलं का? कधीचं आहे, कुठलं आहे? ज्याचं नाव घेतलंय तो कागद मिळतो का, आणि त्यात खरोखर तसं आहे का? जे ह्या लसीवर टीका करतात तेसुद्धा हे मान्य करतात का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

आणि हसू नका. एप्रिल २०२१ मध्ये निरोप फिरला की पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर कोविडची लस घेऊ नका. तो चुकीचा होता, सरकारनेही तसं जाहीर केलं. पण लस घेतल्यावर पाळी पुढे गेली असं कितीतरी बायका सांगत होत्या आणि त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावलं जात होतं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे चार हजार बायकांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी सरासरी एका दिवसाहून कमी लांबते आणि पुन्हा पूर्ववत होते, असं त्यात दिसलं. म्हणजे निरोप चुकीचा होता आणि बायकांचं निरीक्षण बरोबर होतं. तेव्हाच त्यांचं ऐकून खरी माहिती दिली असती, तर निरोपाला एवढे पाय फुटले नसते.

मैत्रिणींनो, हा नुसता वादात जिंकण्याचा प्रश्न नाही. २०२० च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण होते आणि ७७ हजार बायका त्याने मेल्या. त्यांत गरीब बायकाच जास्त, कारण तपासणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून मुलींना ही लस दिली जाते. बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्यांत एकीलाही हा कॅन्सर आढळला नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आता पुण्यात तयार होणारी लसही आहे. खम्ममच्या मुलींवर अन्याय झाला म्हणून आपण लढलो. त्याच लढ्याचं नाव घेऊन आज कुणी आपल्या वस्तीतल्या मुलींना लसीपासून दूर ठेवत असेल, तर तोही त्या मुलींवर अन्यायच आहे. तो आपल्या नावाने होतोय म्हणून तो थांबवणं आपलं काम आहे.

म्हणून माझी सूचना अशी. शाळेत लस द्यायला येतील तेव्हा आपल्या मंडळाच्या दोघी-तिघींनी तिथे हजर राहावं. आईबापांना मराठीत लेखी माहिती मिळाली का, संमती त्यांनीच दिली का, मुलीला त्रास झाला तर कुठे जायचं हे सांगितलं का, हे पाहावं आणि वहीत लिहून ठेवावं. तीस वर्षांवरच्या बायकांची तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते का, हेही विचारावं. होत नसेल तर मागणी लावून धरावी. आपल्या वहीत नाव, गाव, तारीख असेल. मग पुढचा निरोप येईल तेव्हा ताईला दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल.

प्रश्न विचारणं आपण सोडायचं नाही. फक्त आपला प्रश्न दुसऱ्या कुणाला परस्पर वापरू द्यायचा नाही. चर्चेच्या वेळी तुमच्या वस्तीतले असे निरोप मांडा, आपण एकेक घेऊन असंच उलगडून पाहू.