आजीचे ताट आणि नातीचा व्यवसाय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यकारिणीने मला ‘मधुमेह आणि आपण’ या विषयावर बोलण्यास सुचविले होते. या विषयावर मी गेली वीस-बावीस वर्षे इंग्लंडातल्या माझ्या दवाखान्यात रोजच बोलत असतो. साखर कमी खा, चाला, गोळ्या वेळेवर घ्या, असे सांगितले की माणसे आदराने मान डोलवितात आणि घरी जाऊन पूर्वीसारखीच जेवतात. म्हणून विषयाची दिशा थोडी बदलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. माझी थोरली मुलगी आहारतज्ज्ञ का झाली, हे मी आज सांगणार आहे. त्यात मधुमेह येईलच, आणि आपल्या समाजाचा थोडा इतिहासही येईल.

माझी आई लातूरजवळच्या एका खेड्यातली. काळ्या मातीचा तो मुलूख ज्वारी, तूर आणि करडईचा. तिच्या चुलीवर जे शिजत असे त्याची नावे येथे जन्मलेल्या मुलांनी कदाचित ऐकलेलीही नसतील. ज्वारीची भाकरी, कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, रानातून खुडून आणलेली पाथरी, घोळ आणि तांदुळजा, हुलग्याचे माडगे, जवसाची आणि कारळाची चटणी, बाजाराच्या दिवशी आणलेले सुकट वा बोंबील, आणि क्वचित कधी वजडी. तेल फोडणीपुरते, तेही करडईचे. दूध चहापुरते, तेही असले तर. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. रोजगाराच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांची चव मला आठवत नाही. पण आईला ती मरेपर्यंत आठवत होती. मिलोचे नाव निघाले की ती तोंड वाकडे करी.

या आईला १९९४ साली मधुमेह निघाला. तेव्हा तिचे वय छप्पन्न होते आणि शरीरयष्टी किरकोळ. जवळच्या शहरातील एका डॉक्टरांनी तिला विचारले, “बाई, घरी काय खाता?” तिने सांगितले, “वरण, भात, पोळी, भाजी.” डॉक्टरांनी छापील कागद हाती दिला. दोन फुलके, वाटीभर मुगाचे वरण, ताक, काकडी. तळटीप म्हणून ‘मांसाहार वर्ज्य’. सल्ला वाईट नव्हता. मात्र तो ज्या घरासाठी छापलेला होता ते घर आमचे नव्हते. आईने तो कागद देव्हारा नसलेल्या आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवला, आणि भाकरी-सुकट पूर्वीप्रमाणे चालू ठेवले. फरक इतकाच झाला की आता ती ते चोरून खाऊ लागली.

वडिलांच्या निधनानंतर २००४ साली ती आमच्याकडे इंग्लंडला राहावयास आली. २००९ च्या सुमारास मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. तेथील आहारतज्ज्ञ बाई अतिशय सौजन्यशील होत्या. त्यांनी दुभाष्याच्या मदतीने तोच प्रश्न विचारला, आणि आईने पंधरा वर्षांपूर्वीचेच उत्तर दिले : वरण, भात, पोळी, भाजी. देश बदलला, भाषा बदलली, उत्तर तेच राहिले. त्या उत्तरावर विसंबून क्षार, प्रथिने, पाणी यांचा सगळा हिशेब मांडला गेला.

त्या दिवशी मी माझ्या कामावर होतो. आईबरोबर माझी पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी गेली होती. मुलीचे निम्मे बालपण आजीच्या ओट्याशी गेलेले. परतताना गाडीत तिने विचारले, “आजी, तू सुकट खातेस, ते का नाही सांगितलंस?”

आई म्हणाली, “आपलं खाणं चारचौघांत सांगायचं नसतं, बाळा. लोकं नाक मुरडतात.”

या एका वाक्यात किती शतके आहेत, हे या सभागृहातील ज्येष्ठांना मी सांगावयास नको. माझ्या आजोबांनी येसकरपाळी केली होती. दारोदार मागून आणलेली भाकर आईने लहानपणी खाल्ली होती. मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा, हे बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत निक्षून सांगितले. आपल्या माणसांनी ते मानले आणि त्यामुळे आपण ताठ उभे राहिलो. पण मला असे वाटते की सोडण्याच्या त्या भरात आपण एक गल्लत केली. बाबासाहेबांनी लाचारी सोडावयास सांगितली होती. अंबाडी, हुलगे आणि ज्वारी ही काही लाचारी नव्हती. ती आपल्या कष्टाची आणि आपल्या रानाची होती. तीही आपण लाजेच्या गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली. मराठीत पाककृतींची पुस्तके ढिगाने निघाली. मात्र आपल्या घरांतले अन्न त्यांत फारसे आले नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले, तेव्हा माझ्या पत्नीने ते एका बैठकीत वाचून काढले. पुस्तकात जे नाही ते दवाखान्याच्या कागदावर तरी कोठून येणार?

आता वैद्यकीय भाग. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिने बेताने खावयास सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर हे उलटते. प्रत्येक वेळी शरीरातून थोडी प्रथिने निघून जातात आणि रुग्णाची गरज वाढते. म्हणजे आईला अंडी, ताजे मासे, थोडे मांस यांची आवश्यकता होती, आणि ती मात्र त्या जुन्या कागदावरील ‘मांसाहार वर्ज्य’ हे वाक्य आज्ञा समजून मटण खाल्ल्याबद्दल स्वतःला अपराधी मानीत होती. उलट सुकट-बोंबलांतील मीठ तिला खरोखर घातक होते. मीठ खाल्ले की तहान लागते, तहान लागली की पाणी प्यावे लागते. लघवी होत नसल्याने ते पाणी अंगात साचते आणि दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत वजन वाढून श्वास कोंडतो. तिचा श्वास का कोंडतो, याचे उत्तर आमच्या फडताळातील एका डब्यात होते.

मुलीने एक वही केली. आजी काय खाते, कोणत्या वाटीने खाते, मीठ केव्हा घालते, हे सारे तिने महिनाभर लिहिले. आजीचा ‘पसा’ आणि ‘चिमूट’ तिने स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून ग्रॅममध्ये मांडला. प्रारंभी आई चिडली. मग तिला त्यात गंमत वाटू लागली आणि ती लिहून घे, लिहून घे, म्हणून जुन्या जिनसा स्वतःच सांगू लागली. ती वही आहारतज्ज्ञ बाईंपुढे ठेवली तेव्हा त्यांनी पहिला कागद बाजूला सारला आणि नव्याने हिशेब केला. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकावयाचे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. बोंबील दोनदा भिजवून, पाणी टाकून, महिन्यातून एखाद्या वेळी, तोही वरून मीठ न घालता. भाकरी राहू दिली. आठवड्यातून काही दिवस अंडी आणि ताजा मासा लिहून दिला. आईच्या तोंडावर त्या दिवशी जे समाधान दिसले ते औषधाने आलेले नव्हते. आपल्या ताटातील पदार्थ एका सरकारी कागदावर, नावानिशी, कोणी नाक न मुरडता लिहिलेले तिने प्रथमच पाहिले. दोन डायलिसिसमधील वजनवाढ त्यानंतर कमी होऊ लागली. आई २०१३ साली गेली. पण ती शेवटची वर्षे तिने चोरून न खाता काढली.

मुलीने शाळा संपताना आहारशास्त्र घेतले, आणि आज ती मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच काम करते.

येथे मी एक सावधगिरीचा शब्द बोलतो, कारण आजकाल ‘आजीचे अन्न तेच अमृत’ असे म्हणण्याची एक लाट आहे. मी त्या लाटेतला नाही. आजीच्या भाजीत तेल कमी होते ते तेल परवडत नव्हते म्हणून. खारवलेले मासे होते ते ताजे मिळत नव्हते म्हणून. गरिबीला आहारशास्त्र म्हणू नये. त्या गरिबीचे देणे तर आपण आजही फेडतो आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळे वजनाने लहान असूनही त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. वरून कृश, आतून मेदयुक्त, अशी ही घडण. याच अभ्यासात असेही दिसले की ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत त्यांची बाळे आकाराने मोठी होती. मोठेपणी याचे काय होते? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. माझी किरकोळ बांध्याची आई मधुमेही कशी, याचे उत्तर मला त्या छायाचित्रात मिळाले.

म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१३ पासून आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर, आणि मोठ्या धोक्याची २७.५ वर मानावी, असे मार्गदर्शन आहे. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. घरी गेल्यावर टेप लावून पाहावे. आणखी एक गोष्ट विदर्भातून आलेल्या कुटुंबांसाठी : नागपूरकडील आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. घरात कोणाला सिकलसेल असेल, तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए-वन-सी ही तपासणी फसवी ठरू शकते. डॉक्टरांना ते आधी सांगावे.

स्वतः बाबासाहेबही मधुमेही होते, हे आपण जाणतो. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी विवाह केला तेव्हा हा आजार त्यांना जडलेला होता, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपण त्यांना मुकलो. आपल्या कित्येक घरांत आज त्याच आजाराच्या गोळ्या आहेत. फरक असा की आज उपाय पुष्कळ आहेत. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत कमी उष्मांकांचा आहार शिस्तीने दिल्यावर ४६ टक्के रुग्ण वर्षअखेर औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर होते. आहार हे दुय्यम औषध नाही, हे आता मान्य झाले आहे. हा आहार अर्थात इन्सुलिन वा गोळ्या चालू असणाऱ्यांनी आपल्या मनाने करावयाचा नाही.

आपल्या जेवणावळींविषयीही थोडे बोलले पाहिजे. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, आपण पुरी, भात, बटाटा, गुलाबजाम आणि खीर वाढतो. कोणी टोकले की सुजाताच्या खिरीचा दाखला दिला जातो. सुजाताने खीर दिली ती कठोर उपोषणाने कृश झालेल्या सिद्धार्थाला. चार पुऱ्यांनंतरच्या दुसऱ्या वाटीसाठी तो दाखला चालणार नाही. या वर्षी भगिनींनी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी ठेवली आहे, असे मला कळले. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि पांढऱ्या तांदळाहून तंतू बरेच अधिक. तरी तीन भाकऱ्या म्हणजे तीनच. त्या मोजाव्या लागतात.

आता मुलांच्या पालकांना. माझी मुलगी आहारशास्त्राला गेली तेव्हा एका परिचितांनी मला विचारले, “डॉक्टरांच्या मुलीने स्वयंपाक शिकायला विद्यापीठात कशाला जायचे?” त्यांना मी अभ्यासक्रम दाखविला. जीवरसायन, शरीरक्रिया, औषधशास्त्र, मानसशास्त्र, आणि रुग्णालयातील दीर्घ प्रात्यक्षिक. तीन-चार वर्षांची पदवी, किंवा विज्ञानाची पदवी असल्यास साधारण दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास. त्यानंतर नोंदणी केल्याखेरीज ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे नाव कोणालाही लावता येत नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. ‘न्यूट्रिशनिस्ट’ या नावाला असे संरक्षण नाही, तेव्हा दूरचित्रवाणीवर किंवा भ्रमणध्वनीवर सल्ले देणाऱ्यांविषयी सावध असावे. इंग्लंडमध्ये पात्र विद्यार्थ्यांना २०२० पासून वर्षाला पाच हजार पौंडांचे अनुदानही सुरू झाले. आपली मुले डॉक्टर आणि संगणक अभियंते होत आहेत, हे उत्तमच. पण अंबाडी म्हणजे काय, हुलगे म्हणजे काय आणि आजी खरे उत्तर का देत नाही, हे जाणणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असणे ही आपल्या समाजाची गरज आहे. ते पुस्तकातून येत नाही.

दुपारच्या भोजनानंतर माझी मुलगी सभागृहाच्या डाव्या बाजूला बसणार आहे. तिच्याकडे काटा, टेप आणि वह्या आहेत. कालच्या दिवसभरात काय खाल्ले ते एका कागदावर लिहून न्यावे. वरण-भातच लिहिले पाहिजे असे नाही. सुकट खाल्ले असेल तर सुकट लिहावे, वजडी खाल्ली असेल तर वजडी लिहावी. किती वाट्या, तेही लिहावे. मराठी लिहिता न येणाऱ्या नातवंडांनी आजीला विचारून इंग्रजीत लिहून दिले तरी चालेल.

जयभीम. नमो बुद्धाय.