मावळच्या मातीतले पाठ्यपुस्तक
(कान्हे, ता. मावळ येथील पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



सहावी, सातवी आणि आठवी ही मुलाच्या आयुष्यातील उंबरठ्याची वर्षे होत. बालपण पुरते सरलेले नसते आणि तारुण्याची चाहूल लागलेली असते. या वयात मनात जे रुजते, ते सहसा उखडत नाही. शिक्षणशास्त्र यास उच्च प्राथमिक स्तर म्हणते. घरोघरी मात्र ही दहावीच्या आधीची बिनमहत्त्वाची वर्षे समजली जातात. प्रगतिपुस्तकावर सही होते, गुणांची चौकशी होते, 'काय शिकलास?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक भारताचा इतिहास आहे. कान्ह्याच्या मुलाचे भाग्य असे की, हे तिन्ही कालखंड त्याच्या घराभोवती उभे आहेत. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी म्हणजे सहावीचा धडा. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीपासून धेनुकाकटच्या सुतारापर्यंत अनेकांनी त्या कार्याला हातभार लावला. समाज स्वतःच्या बळावर केवढे उभारू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

लोहगड हा सातवीचा धडा. १६४८ साली तो स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली पुन्हा जिंकून घेतला गेला. हरलेले परत मिळवता येते, हे त्या एका गडाच्या चरित्रातून शिकता येते.

आणि कान्ह्याहून पुण्याकडे जाताना गाडीचे पुढचेच स्थानक वडगाव. मुंबईहून रघुनाथरावांना सोबत घेऊन बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेची जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी याच मुलखात कोंडी केली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला इष्टुर फाकडा, ठार झाला. तळेगावपर्यंत आलेली फौज माघारी वळली, वडगावला वेढली गेली आणि १६ जानेवारीला तिला महादजी शिंद्यांपुढे तहावर सही करावी लागली. पुढे वॉरन हेस्टिंग्जने तो तह नाकारला, हेही मुलांना सांगावयास हवे. कारण शत्रूचा शब्द कितपत टिकतो, हाही इतिहासाचाच पाठ आहे. रोज लोकलने वडगाव ओलांडणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

विज्ञानाचेही तसेच. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' हे भाताचे वाण दिले. ताटातल्या भातामागे शेजारच्या गावातील शास्त्रज्ञांची तपश्चर्या आहे, हे कळले की संकर हा शब्द पाठ करावा लागत नाही.

परंतु अभिमानाच्या गोष्टी सांगताना एका कटू सत्याकडे डोळेझाक करता येणार नाही. 'असर'च्या २०२२ च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत आठवीतील ६९.६ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. भागाकार करू शकणारी मुले ४४.७ टक्के होती. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे ७१.१ आणि ४५.८ झाले. सुधारणा आहे, पण तुटपुंजी. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यापर्यंत शिवछत्रपतींचे चरित्र पोहोचणार कसे? राष्ट्रभक्तीची पहिली पायरी अक्षरांची आणि अंकांची आहे. ती ओलांडून वरची पायरी चढता येत नाही.

अशा वेळी या तालुक्याचाच वारसा आठवावा. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री देशभर गाजवली. त्यातील राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालयाच्या रूपाने तळेगाव दाभाडे येथे केला. १९०८ साली त्याच तळेगावात लोकांच्या पैसा फंडातून काचकारखाना उभा राहिला. शिक्षण आणि उद्योग, बुद्धी आणि हात यांची सांगड घालण्याची ती दृष्टी होती. विजापूरकरांना कारावास भोगावा लागला, १९१० साली परकीय सरकारने विद्यालय बंद पाडले. एका शाळेची त्या साम्राज्याला भीती वाटली, यातच त्या शिक्षणाचे तेज दिसते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचविले आहेत. सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडून मुलांनी प्रत्यक्ष काम शिकावे, असा त्यामागील हेतू. विजापूरकरांचा विचार शंभर वर्षांनी धोरणाच्या कागदावर आला, असे म्हणण्यास हरकत नाही. तो कागदावरून अंगणात उतरविणे हे सरकारचे एकट्याचे काम नव्हे. भात लावणारा शेतकरी, लोखंड घडविणारा कामगार, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन तरुण असे सारे या शाळेचे गुरुजन होऊ शकतात.

म्हणून तीन गोष्टींचा संकल्प व्हावा. प्रत्येक घरी रोज अर्धा तास मुलाने मोठ्याने वाचावे आणि वडीलधाऱ्यांनी ऐकावे. कार्यकर्त्यांनी वाचनात व गणितात मागे पडलेल्या चार मुलांची जबाबदारी वर्षभर घ्यावी. ती मुले कोणत्या वस्तीतील, कोणत्या जातीची, हे विचारू नये. आणि वर्षातून तीनदा, एकदा लेण्यांत, एकदा लोहगडावर, एकदा वडगावच्या रणभूमीवर, मुलांनी पुस्तक हाती घेऊन जावे.

इंद्रायणी याच मावळातून वाहत देहू-आळंदीला जाते. ज्ञानदेव आणि तुकोबा यांनी ज्ञान सर्वांच्या दारी नेले. त्याच नदीकाठचे एकही मूल अक्षरावाचून राहू नये, हे व्रत कठीण असले तरी अशक्य नाही.