जखमी कोंबडीची शुश्रूषा



यशोधर राजाची कथा समाजात परिचित आहे. मातेच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला आणि त्या भावहिंसेपायी मायलेकरांना कित्येक जन्म पशुयोनीत भटकावे लागले. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त ती विस्ताराने आली आहे. परंतु कुत्र्याने धरलेली अथवा वाहतुकीच्या पिंजऱ्यातून पडलेली खरी कोंबडी दाराशी आली, की तिच्यापुढे मूठभर दाणे टाकून दया संपते. दाण्यांनी ती वाचत नाही.

तिला प्रथम हवी ऊब, अंधार आणि शांतता. हवेसाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, तळाशी जुने धोतर अंथरावे. टर्किश टॉवेल कितीही मऊ असो, त्याच्या सुती फाशांत नखे अडकतात. उचलताना छाती आवळू नये. पक्ष्याला श्वासपटल नसते, छाती हलली नाही तर तो गुदमरतो. चोचीत पाणी ओतणे तर घातकच, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते. उथळ वाटी समोर ठेवावी.

जखम धुण्यास एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ पुरते. दाताची जखम वरून लहान दिसते, पण आत पू धरते. अशा वेळी, तसेच पाय मोडला असल्यास, पशुवैद्यकांकडेच न्यावे. माणसांची मलमे लावू नयेत.

खरी कसोटी माशीची. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली, की दिवसभरात अळ्या होतात. त्या काढाव्यात तर तेही जीव, न काढाव्यात तर कोंबडी जाते. म्हणून पहिल्या घटकेपासून खोक्यावर जाळीचे कापड बांधणे, हीच येथे यतना होय.

भरड ज्वारी भिजवून सूर्यास्तापूर्वी द्यावी. अंधार पडल्यावर कोंबडी खात नाही; रात्रिभोजनत्याग तिला शिकवावा लागत नाही! खोके स्वयंपाकघरापासून दूर असावे, हात साबणाने धुवावेत. जखम नसताना मरगळलेली कोंबडी मात्र घरात घेऊ नये. २००६ साली नवापूर भागात बर्ड फ्लूने काय केले, ते विस्मरणात जाऊ नये.

ती बरी झाली, की मालक येतो. न सांगता ठेवून घेतली तर अचौर्यव्रताला बाध येतो, परत दिली तर पुढे सुरी आहे. रास्त किंमत देऊन सोडवून घेणे हा व्यवहारातील मार्ग. त्याच पैशांतून तो दुसरी आणील, हा आक्षेप खरा आहे. तरीही समोरचा जीव वाचतो.

सोडवलेली कोंबडी पाच-सात वर्षेही जगते. एकटीने खोक्यात राहणे तिला मानवत नाही. सोबत, बसायला दांडी आणि मुंगसापासून रक्षण करणारे दार हवे. इतर कोंबड्यांत सोडताना आधी काही दिवस मध्ये जाळी ठेवावी, कारण रक्ताचा डाग दिसला की त्या तेथेच टोचतात. जवळच्या पांजरपोळात पक्ष्यांना जागा आहे का, हे आजच विचारून ठेवावे.